अकरा टाकल्यानं नाही, फॉरमॅट मारल्यानं

गेल्या दिवाळीपासून परभणीतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे त्यातलं पहिलं वाक्य, आणि ते खरं आहे. पुढचा मजकूर असा : ‘विंडोज ११ टाकलं की जुनी सगळी सॉफ्टवेअर बंद पडतात. मराठीच्या जुन्या फाइली कायमच्या जातात. प्रिंटर फेकून द्यावा लागतो. एकदा टाकलं की मागं फिरता येत नाही. म्हणून आहे तेच चालू द्या.’

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं हे माझं काम, आणि शेजारच्या दुकानांतले कॉम्प्युटर अडले की तेही माझ्याच गळ्यात पडतात. त्यामुळे हा फॉरवर्ड रोज कुणी ना कुणी मला दाखवतंच.

‘जुनी सगळी सॉफ्टवेअर बंद पडतात.’ माझ्या टेबलावर पेजमेकर ७ हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर विंडोज अकरावर चालतंय. ते पंचवीसेक वर्षांपूर्वीचं, एक्सपीच्या काळातलं. ते चालतं याचं कारण साधं आहे. हल्लीच्या ६४ बिटच्या विंडोजमध्ये जुन्या, ३२ बिटच्या बांधणीचे प्रोग्रॅम चालवणारा एक थर मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम ठेवलाय, आणि तो अकरातही आहे. तुमचं दहा आधीच ६४ बिटचं असेल, तर जे गळायचं होतं ते दहावर येतानाच गळालं. दहावर आज जे चालतंय, त्यातलं बहुतेक अकरावर तसंच चालेल.

मग लोकांची सॉफ्टवेअर गेली ती कुठं? माझ्याकडे आलेल्या दहातल्या सात-आठ तक्रारींचं मूळ एकच निघालं : कॉम्प्युटरवाल्या पोरानं अपग्रेड केलंच नव्हतं, त्यानं फॉरमॅट मारला होता. आपल्याकडे ‘विंडोज मारून दे’ म्हणायची पद्धतच आहे, आणि मारणारा खरंच मारतो. सी ड्राइव्ह पुसली की त्यावरचे प्रोग्रॅम जाणारच, मग अकरा टाका नाहीतर परत दहा. आता प्रोग्रॅमची सीडी सापडत नाही, आणि ‘की’ म्हणजे प्रोग्रॅम चालू करायचा नंबर लिहिलेलं खोकं कधीच रद्दीत गेलेलं. मालक म्हणतात, ‘अकरावर चालंना.’ अहो मालक, ते चालंना नाही, ते टाकलेलंच नाही. चालू विंडोजमधूनच अपग्रेड केलं आणि फाइली व अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडला, तर प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. फक्त ३२ बिटच्या विंडोजवरून असं थेट अकरावर जाता येत नाही. तिथं नव्यानं टाकण्यावाचून इलाज नाही, म्हणून सीडी आणि की आधी शोधायच्या, मग हात घालायचा.

एका ठिकाणी मात्र फॉरवर्ड शंभर टक्के खरा आहे, आणि ते ठिकाण म्हणजे मोंढा, आमचा धान्यबाजार. कित्येक अडत दुकानांत पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, अजून डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर, फॉक्सप्रोत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर निघते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, खरखर करणारा डॉट मॅट्रिक्स. लिहून देणारा माणूस कधीच पुण्याला गेला, पण प्रोग्रॅममध्ये हमाली, तोलाई सगळं बरोबर बसलंय. डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत. दहाची ३२ बिटची आवृत्ती तरी मिळायची, त्यात असे प्रोग्रॅम चालवायची सोय चालू करता यायची. अकरा ३२ बिटमध्ये निघालंच नाही. डॉसबॉक्स हे डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर घालून असा प्रोग्रॅम उठवता येतो, मी दोन ठिकाणी उठवलाय. पण डॉसबॉक्स मुळात जुन्या गेमसाठी बनलेलं आहे. दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी हिशेब लिहिला जात असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि हा प्रयोग सोयाबीनची आवक चालू असताना तर नकोच.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा : ‘मराठीच्या जुन्या फाइली कायमच्या जातात.’ पत्रिकेची फाइल उघडली आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसला, की माणूस हबकतो. पण फाइलीत आधीपासून तोच चिवडा होता! युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत, येण्याआधीचे आपले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी आकार बसवायचे. फाइलीत कोड इंग्रजी अक्षराचा, वर मुखवटा मराठीचा. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. तोच फॉन्ट परत टाका, अक्षरं परत येतात. म्हणून फॉरमॅटच्या आधी विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. गिऱ्हाइकाच्या डेटाइतकंच ते मोलाचं आहे.

युनिकोडवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मंगल हा युनिकोडचा फॉन्ट विंडोज १०पासून जादाच्या फॉन्टमध्ये गेलाय. नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडल्याशिवाय तो सहसा येत नाही. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट उभा राहतो, ओळी सरकतात, आणि एका पानात बसवलेला अर्ज दीड पानावर जातो.

‘प्रिंटर फेकून द्यावा लागतो.’ अर्धं खरं. प्रिंटर-स्कॅनरचं ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या आतल्या गाभ्याशी बोलतं, आणि तिथं ३२ बिटचं ड्रायव्हर ६४ बिटमध्ये चालत नाही, संपलं. कंपनीनं ६४ बिटचं काढलं असेल तर जुना लेझर प्रिंटर मजेत चालतो. काढलं नसेल तर फेका. जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबत कॉपी होऊ नये म्हणून कॉम्प्युटरच्या मागं लावायचं जे लॉक यायचं, त्यालाही हेच लागू. माझा एक धडधाकट स्कॅनर असाच माळ्यावर पडलाय, आणि त्याच्याहून जुनं कुठलंच सॉफ्टवेअर माझं अडलेलं नाही.

ग्रुपवरची हुशार मंडळी यावर ‘कम्पॅटिबिलिटी मोड लावा, काहीही चालतं’ असं ठोकून देतात. तो मोड प्रोग्रॅमला ‘तू एक्सपीवरच आहेस’ असं भासवतो. विंडोजचा नंबर बघून अडणाऱ्या प्रोग्रॅमला तो उपयोगी पडतो. ड्रायव्हरला आणि डॉसला त्याचा काही उपयोग नाही.

‘आहे तेच चालू द्या’ हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो देणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर बँक उघडी असते. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली, पण ती आपोआप येत नाही, नोंदवावी लागते. ज्यांचं यंत्रच अकराच्या अटींत बसत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, त्यांची अडचण खरी आहे. मोंढ्यातल्या एकाला मी सांगितलं, काका, पट्टीचा कॉम्प्युटर जुनाच राहू द्या, फक्त नेटची वायर काढा. बँकेचं काम दुसऱ्यावर करा. ते तसंच चाललंय.

राहिलं ‘मागं फिरता येत नाही.’ फॉरमॅट मारला असेल तर खरंच येत नाही. अपग्रेड केलं असेल तर सेटिंग्जमधून दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतता येतं, पण त्याआधी ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागा खातं म्हणून उडवायचं नाही. त्या दहा दिवसांत एक बिल, एक पट्टी, एक जुनी पत्रिका आणि एक स्कॅन काढून बघा. तीही मालकानं स्वतः नाही, रोज त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोरानं, कारण काय अडतंय ते त्यालाच आधी कळतं.