डबल टायरचा तो मेसेज पुढे पाठवू नका

टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर फोर्ड एफ-350 या अमेरिकन पिकअपचा फोटो, तिला मागे एकेका बाजूला दोन-दोन असे चार टायर, आणि खाली दावे: ट्रॉली ओढायची तर डबल टायरच हवेत, डबल टायर म्हणजे दुप्पट वजन, ब्रेकही दुप्पट, पावसात गाडी घसरत नाही, आणि एक टायर बसला तरी दुसऱ्यावर बिनधास्त घर गाठा. भांडुपला माझ्या मावसभावाचा मंडप-लायटिंगचा धंदा आहे. सिंगल टायरच्या पिकअपला जनरेटरची ट्रॉली जोडून तो कामं करतो. हा मेसेज वाचून ऐन गणपतीच्या तोंडावर तो चांगली चालती गाडी विकायला निघालाय.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण त्यापायी जीव जाऊ शकतो. जोडीतला आतला टायर बसला तर बऱ्याचदा ड्रायव्हरला कळतही नाही. गाडी फारशी कलत नाही, बाहेरचा टायर सगळा भार घेतो. पण तो तेवढ्यासाठी बनलेलाच नसतो. टायरच्या बाजूवर 120/116 असे भारमर्यादेचे दोन सांकेतिक आकडे असतात. पहिला टायर एकटा असतानाचा, दुसरा जोडीत असतानाचा. 120 म्हणजे 1400 किलो, 116 म्हणजे 1250. पूर्ण भरलेल्या गाडीत अशा जोडीवर 2500 किलोपर्यंत असू शकतात. आतला बसला की ते सगळे बाहेरच्यावर, म्हणजे त्याच्या एकट्याच्या मर्यादेच्याही वर 1100 किलो. त्यात बसलेला टायर चिरडत राहतो, शेजारच्याला घासतो, दोन्ही तापतात, धूर निघतो, कधी पेटही घेतात. मागे ट्रॉली, समोर खंडाळ्याचा उतार, आणि अशा वेळी उरलेला टायर फुटला तर गाडी कुणाच्या बापाला आवरणार नाही. जुन्या ट्रकांचे क्लीनर गाडी थांबली की टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबीने, एकेक टायर ठोकून बघतात ते याचसाठी. हवा भरलेल्या टायरवर टॉमी टणकन उसळते, बसलेल्यावर नुसता थप्प आवाज येतो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगडही तेव्हाच सापडतो. जोडीतला टायर बसला तर गाडी हळूच सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि तो बदला. घर नंतर.

दुप्पट वजनाचा दावाही त्याच आकड्यांनी पडतो. 1400 ची दुप्पट 2800 होते, जोडीला मिळतात 2500. दोन टायरांत हवा कमीजास्त असते, मधे फुगलेल्या रस्त्यावर दोघांवर सारखा भार येत नाही, मधल्या फटीत उष्णता कोंडते, म्हणून मर्यादा कमी धरलेली असते. शिवाय एक्सल, पाटे, चासी यांना काही किंमत आहे की नाही? आणि ओढायची ताकद इंजिन आणि गिअरमधून येते, टायरच्या संख्येतून नाही. गाडीचं एकूण वजन किती असावं ते आरसीवर छापलेलं असतं. त्याच्या वर माल भरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 ने मना आहे आणि कलम 194 खाली 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. टायर मोजून सूट मिळत नाही.

ब्रेकचं तर बोलायलाच नको. एका बाजूच्या दोन टायरांना मिळून ब्रेक एकच असतो. आणि पावसात रिकाम्या गाडीचं तेवढंच वजन जास्त टायरांवर वाटलं गेलं की पाणी बाजूला सारायला प्रत्येकावर भार कमी उरतो. म्हणजे रिकामी गाडी उलट लवकर तरंगते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. फोटोतली गाडी तिकडे सिंगल आणि डबल दोन्हींत मिळते, आणि मोठा ट्रेलर ओढणारे डबल घेतात त्याला कारण आहे. तिकडच्या मोठ्या ट्रेलरांचं पुढचं टोक गाडीच्या हौद्यात, थेट मागच्या एक्सलवर टेकतं. त्याच्या वजनाचा पाव हिस्सासुद्धा गाडीवर येऊ शकतो. तिथे डबल टायर खरंच स्थिर ठेवतात. आपल्याकडच्या टाटा 407 टेम्पोलाही मागे डबल टायर आहेत, पण ते हौद्यातल्या मालासाठी.

जनरेटरच्या ट्रॉलीचं तसं नाही. तिचं बहुतेक वजन तिच्याच चाकांवर असतं. मागच्या हुकाला जोडायच्या ट्रेलरसाठी अमेरिकेतच सांगितलं जातं की एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा. दोन टनांच्या ट्रॉलीचे झाले 200 ते 300 किलो. तेवढ्यासाठी गाडी बदलायची? उलट जनरेटर मागच्या टोकाला सरकवून बसवला असेल तर हुकावर भार राहत नाही आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागते. हा दोष डबल टायरने जात नाही, जनरेटर पुढे घेऊन नीट बांधल्याने जातो.

दादा, गिऱ्हाईक शोधायच्या आधी एकदा वजनकाट्यावर जा. पिकअप, भरलेली ट्रॉली आणि नुसता हुकाचा भार, तिन्ही वेगवेगळे मोजून घे आणि आरसीशी ताडून बघ. आणि त्या मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही ते आधी बघ: तुझ्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का, आणि असतील तर लायनर शेवटचे कधी बदलले?