पेटंट अर्जातील अनुक्रमसूची : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

जीवतंत्रज्ञानातील शोधांसाठी पेटंट अर्ज करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. सिक्वेन्स लिस्टिंग, म्हणजेच अर्जातील डीएनए, आरएनए आणि प्रथिने यांच्या घटकांचे क्रम ठरावीक स्वरूपात देणारी अनुक्रमसूची, ही कारकुनी बाब आहे. दाव्यांत, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला जातो त्या भागात, असतील तेवढेच अनुक्रम सूचीत घाला, प्राधान्य तारीख (त्याच शोधाच्या पहिल्या अर्जाची तारीख) जुनी असेल तर जुनी टेक्स्ट फाइल चालते, सॉफ्टवेअरने चूक दाखवली नाही म्हणजे काम झाले, आणि काही राहिलेच तर नंतर जोडता येते, असा त्याचा आशय असतो. या सल्ल्यावर विसंबणाऱ्याचा हक्कच धोक्यात येऊ शकतो, म्हणून त्याचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी गफलत दाव्यांबाबत होते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या एसटी.२६ या मानकानुसार, वर्णन, आकृती किंवा दावे यांपैकी कुठेही ज्याचे घटक क्रमाने दिले आहेत आणि ज्यात निश्चित सांगितलेली किमान १० न्यूक्लिओटाइडे (डीएनए-आरएनएचे घटक) किंवा किमान ४ अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) आहेत, असा प्रत्येक अनुक्रम सूचीत असावाच लागतो. प्रयोगाच्या तक्त्यातील २० न्यूक्लिओटाइडांच्या प्रायमरवर (डीएनएच्या प्रती काढताना वापरल्या जाणाऱ्या छोट्या तुकड्यावर) कोणताही हक्क सांगितलेला नसला, तरी तो सूचीत येतो. प्रथिनाच्या शुद्धीकरणासाठी टोकाला जोडलेली सहा हिस्टिडिनांची शेपटी संक्षिप्त सूत्राने लिहिली तरी तीही येते, कारण असे सूत्र हीसुद्धा घटकांची क्रमवार मांडणीच मानली जाते. चार ग्लायसिन आणि एक सेरिन यांचा, प्रथिनाचे भाग जोडणारा नेहमीचा दुवा अनेक अर्जांत नजरेतून सुटण्यासारखा असतो. त्यालाही सूट नाही. याउलट आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल हा तीनच घटकांचा अनुक्रम सूचीत घालण्यास मनाई आहे. ज्ञात जनुकाचा केवळ डेटाबेसमधील क्रमांक दिला असेल, तर सक्ती नाही. तोच अनुक्रम आकृतीत अक्षरन् अक्षर उतरवला की सक्ती लागू होते.

प्राधान्य तारखेचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. १ जुलै २०२२ पासून एक्सएमएल स्वरूपातील एसटी.२६ लागू झाले आणि पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य कराराखालील आंतरराष्ट्रीय अर्जासाठी, आंतरराष्ट्रीय दाखल तारीख पाहिली जाते, प्राधान्य तारीख नव्हे. युरोपीय पेटंट कार्यालयात तर मूळ अर्ज जुना असला, तरी त्या दिवसापासून दाखल केलेल्या विभाजित (मूळ अर्जातून वेगळ्या काढलेल्या) अर्जाला नवेच मानक लागते. जुन्या सूचीचे रूपांतर यांत्रिकपणे करता येत नाही. अमिनो आम्लांची तीन अक्षरी चिन्हे एकाक्षरी होतात, आरएनएमधील युरॅसिल ‘टी’ या अक्षराने दाखवावे लागते, रेणूचा प्रकार नोंदवावा लागतो, आणि हे करताना मूळ अर्जात नसलेला मजकूर आत येणार नाही आणि असलेला गळणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची असते.

सॉफ्टवेअर हे फाइलची रचना तपासते, आवश्यक रकाने भरले आहेत का ते पाहते. वर्णनात ४७ व्या स्थानी सेरिन आहे आणि फाइलमध्ये थ्रिओनिन पडले आहे, हे त्याला कळत नाही. ही पडताळणी शोधाची माहिती असलेल्या व्यक्तीने मूळ नोंदींशी ताडूनच करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

‘नंतर जोडता येते’ हा भाग मला सर्वाधिक घातक वाटतो. पीसीटीत शोधन प्राधिकरण (आधीचे ज्ञात साहित्य धुंडाळणारे कार्यालय) सूची मागवू शकते आणि विलंबशुल्कही आकारू शकते, परंतु शोधनासाठी अशी मागाहून दिलेली सूची आंतरराष्ट्रीय अर्जाचा भाग होत नाही. म्हणून जो अनुक्रम दाखल तारखेला अर्जात कुठेच नव्हता, तो त्या वाटेने अर्जात शिरू शकत नाही. मुदतीत सूची दिलीच नाही, तर अर्थपूर्ण शोधन जेवढे शक्य असेल तेवढेच करण्याचे बंधन प्राधिकरणावर राहते. पाने वाढून शुल्क चढेल या भीतीने सूची मागे ठेवणाऱ्यांसाठी एवढेच की, पीसीटी अर्जासोबत विहित एक्सएमएल स्वरूपात दिलेल्या सूचीवर पानांप्रमाणे शुल्क आकारले जात नाही.