पाच पौंडांचं पोतं आणि स्टॅन्ली गिबन्स

गेले काही आठवडे एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: इंग्लंडमधल्या स्टॅन्ली गिबन्स नावाच्या गरीब पोराने दोन खलाशांकडून पाच पौंडांना पोस्टाच्या तिकिटांचं पोतं घेतलं आणि तो रातोरात श्रीमंत झाला. तिकिटांचा पहिला व्यापारी तोच, पहिला कॅटलॉगही त्याचाच. गांधीजींची तिकिटं चार कोटींना गेली, तेव्हा तुमच्या घरातली जुनी तिकिटं शोधा. तिकिटांत घातलेला पैसा कधी बुडत नाही.

तिकिटं जमवण्यात माझी तीस-पस्तीस वर्षं गेली आहेत. त्या माणसाच्या मेहनतीवर यात पाणी फिरवलंय, म्हणून लिहितोय.

पहिलं, ‘गरीब पोर’. गिबन्सचा जन्म २१ जून १८४० चा, प्लिमथ बंदरातला. पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट निघून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. वडिलांचं औषधांचं चालतं दुकान होतं आणि त्याच दुकानात १८५६ च्या सुमारास त्याने तिकिटांसाठी एक टेबल मांडलं. घरात खायची भ्रांत नव्हती.

‘रातोरात’ हा शब्द तर मला सगळ्यात खटकतो. खलाशांची गोष्ट १८६३ ची आहे. ती दीडशे वर्षं सांगितली जाते आणि तो व्यवहार झाला असं मीही मानतो. नफा ५०० पौंड झाला म्हणतात. पण पोत्यात होतं काय? केप ऑफ गुड होप या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीची त्रिकोणी तिकिटं. १८५३ साली निघालेली ही जगातली पहिली त्रिकोणी तिकिटं लंडनच्या पर्किन्स बेकन या छापखान्याने छापली होती. १८६१ मध्ये साठा कमी पडला, म्हणून काही केपटाऊनलाच घाईघाईने छापावी लागली. त्या घाईत ठसे एकमेकांत मिसळले. एक पेनीचं तिकीट लाल आणि चार पेनीचं निळं असायला हवं, पण काही एक पेनीची निळी निघाली आणि काही चार पेनीची लाल. लंडनची छपाई कुठली आणि केपटाऊनची कुठली, हे रेघांच्या बारकाव्यावरून, शाईवरून, कागदावरून ओळखावं लागतं. ज्याला ही पारख नाही, त्याच्या हाती ते पोतं म्हणजे रद्दी. गिबन्सकडे त्या दिवशी टेबलाशी घालवलेली सात वर्षं होती आणि तिकिटं विकत घेणारी माणसंही जोडलेली होती. खलाशी त्याच्याच दुकानात का आले, याचं उत्तर त्यातच आहे.

पहिला व्यापारी? ब्रुसेल्सचा मोन्स त्याच्याही आधी या धंद्यात होता. कॅटलॉग म्हणाल, तर पॅरिसच्या पोतिकेचा १८६१ च्या अखेरीस निघाला, इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये ग्रे आणि माउंट ब्राउन यांचे आले. गिबन्सची पहिली किंमतयादी नोव्हेंबर १८६५ ची. त्याचा मोठेपणा वेगळाच आहे: यादी तो सतत सुधारत, वाढवत राहिला, आणि आजही भारतातल्या संग्राहकाच्या वहीत तिकिटापुढे ‘एसजी’ (स्टॅन्ली गिबन्स) क्रमांक लिहिलेला असतो. १८७४ मध्ये तो लंडनला गेला. १८९० मध्ये त्याने धंदा चार्ल्स फिलिप्सला २५,००० पौंडांना विकला. टेबल मांडल्यापासून चौतीस वर्षांनी. याला रातोरात म्हणायचं?

आता गांधीजींची तिकिटं. २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना, म्हणजे चार कोटींच्या आसपास, विकली गेली ती १९४८ च्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची सलग पट्टी. त्यांवर ‘सर्व्हिस’ अशी जादा छपाई आहे. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी तशी मोजकीच तिकिटं काढली होती. त्याच मालिकेतलं दीड आण्याचं तिकीट मात्र घरोघरी आलं, आणि लोकांच्या डब्यांत सापडतं ते तेच.

आणि ‘पैसा बुडत नाही’? स्पेनमध्ये २००६ साली तिकिटांत गुंतवणूक घेणाऱ्या दोन कंपन्यांवर छापे पडले आणि लाखो कुटुंबांची बचत अडकली. गिबन्सच्याच नावाने चालणाऱ्या कंपनीची गर्न्सी बेटावरची शाखा खात्रीच्या परताव्याच्या योजना विकत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती डबघाईला येऊन तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. दुर्मीळ तिकिटाला मोल असतं, पण गिऱ्हाईक आणि पारख दोन्ही असतील तेव्हाच.

हा मजकूर वाचून गेल्या आठवड्यात एक काका बिस्किटांचा डबा घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी रात्रभर बसून जुन्या पाकिटांवरची तिकिटं ओढून काढली होती. उजेडाकडे धरली तर पाठीमागचा कागद जागोजागी पातळ झालेला, कडेचे दोन-तीन दात तुटलेले. पाकिटं त्यांनी रद्दीत दिली होती. फक्त एक तळाशी राहिलं होतं: १९४८ चं, गांधीजींचं दीड आण्याचं तिकीट, त्यावर मुंबईचा स्पष्ट शिक्का, खाली त्यांच्या आजोबांच्या अक्षरातला पत्ता. ते मी पारदर्शक पिशवीत घालून त्यांना परत दिलं आणि म्हटलं, “काका, हे सोडवू नका. असंच राहू द्या.”