मुलीला पाहुणी म्हणून पाठवले होते का?

आज सकाळी पालकांच्या एका समूहात एका आईने लिहिले, की तिची मुलगी एक्स्चेंज प्रोग्रॅममधून अमेरिकेत शिकायला गेली आहे आणि यजमान घरातली बाई तिला डिशवॉशर रिकामा करायला, कचऱ्याचे डबे रस्त्यापर्यंत न्यायला आणि स्वतःचे कपडे स्वतः धुवायला सांगते. एवढ्यावर तासाभरात समूहाने निकाल देऊन टाकला. ‘फुकटची मोलकरीण मिळाली त्यांना’, ‘लगेच तक्रार करा, घर बदलून घ्या’, आणि एका गृहस्थांचे तर, ‘महिन्याला डॉलर मोजून घेत असतील आणि वर ही कामे’. हे वाचून इतका संताप आला की हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

आधी पैशांचे बोलू. जे-१ या एक्स्चेंजसाठीच्या व्हिसावर अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या, म्हणजे साधारण १५ ते साडेअठरा वर्षांच्या मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला देता येत नाही. तिथल्या परराष्ट्र खात्याचा तसा नियमच आहे. करातली किरकोळ सवलत सोडली तर त्यांच्या हाती काही पडत नाही. उलट घरातल्या प्रत्येक प्रौढाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, कोणीतरी घरी येऊन मुलाखत घेते, खोल्यांचे फोटो काढले जातात, आणि एवढे सगळे करून ती माणसे एका परक्या पोराला वर्षभर आपल्या घरात सामावून घेतात. मुले सांभाळण्यासाठी पैसे देऊन ज्यांना ठेवतात त्या ‘ओ पेअर’ निराळ्या. त्यांचा कार्यक्रम निराळा आणि आठवड्याला कमाल ४५ तास कामाचा नियमही त्यांच्यापुरताच आहे. दोन्हींची गल्लत करून परक्या घराची अब्रू काढायला आपल्याला काहीच वाटत नाही.

मीही एकेकाळी अशीच एक्स्चेंजवर गेले होते. माझ्या यजमान घरात सुरुवातीला मला कशालाही हात लावू देत नसत. जेवण आटोपले की बाकी सगळे उठून कामाला लागत आणि मी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी सोफ्याच्या कडेला बसून राही. विचारले तर ‘तू बस गं’ एवढेच उत्तर मिळे. घराची आठवण मला शाळेत येत नसे, रात्री अंथरुणातही फारशी येत नसे. ती यायची नेमकी त्या वेळेला. मग एकदा त्यांचा धाकटा मुलगा वैतागून आईला म्हणाला, की हिला का काही काम नाही, ही काय राणी आहे? त्याची आई ओशाळली, त्याच्यावर ओरडली, आणि मग तिला काय वाटले कुणास ठाऊक, फ्रीजवर लावलेल्या कामांच्या तक्त्यात तिने त्याच्या नावाखाली माझे नाव लिहिले. मंगळवार आणि शुक्रवार, डिशवॉशर. त्या देशात तोवर मला कोणी इतके आपले म्हटले नव्हते.

मुळात मुलांना घरांमध्येच का ठेवतात, असा प्रश्न त्या समूहात एकालाही पडला नाही. मुलांना असे परदेशी शिकायला पाठवणारी, आज एएफएस म्हणून ओळखली जाणारी संस्था ही दोन्ही महायुद्धांत रुग्णवाहिका चालवून जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची. युद्ध संपल्यावर त्याच मंडळींनी १९४७ मध्ये परदेशी शाळकरी मुलांना अमेरिकेत आणून लोकांच्या घरी ठेवले. माणसांचे काय होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नुसत्या परिषदा आणि भाषणांवर त्यांचा विश्वास उरला नसावा, असे मला आपले वाटते. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये अमेरिकी सरकारने ‘यस’ हा शाळकरी मुलांसाठीचा असाच एक्स्चेंज कार्यक्रम सुरू केला, त्यातून भारतातलीही मुले गेली, आणि तीही कुणाच्या तरी घरीच राहिली. तिथे जाऊन सोफ्यावर बसून राहायचे असेल तर त्यासाठी एवढा खटाटोप कोणी कशाला केला असता?

मान्य आहे, काही घरे वाईट निघतात. मुलीला रोज लहानग्यांपाशी बसवून स्वतः बाहेर पडणारी माणसेही असतात, आणि तिथे मुकाट्याने सोसत राहण्याचे काहीच कारण नाही.

पण भांडी लावणे हे सोसणे नव्हे. माझ्या त्या ‘भावाने’ पुढे आपले रविवारचे कामही माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, त्यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले, आणि त्याच्या आईने आम्हां दोघांनाही एकाच दमात झापले, जराही डावे-उजवे न करता. मी खोलीत जाऊन रडले खरी, पण ते रडणे काही फार दुःखाचे नव्हते. तक्त्यावर नाव नसते तर त्या बाई माझ्यावर कशाला ओरडल्या असत्या?

लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे, आणि आता त्या आईचाच विचार मनात येतो आहे. मुलगी फोन करते ती दिवसभर परक्या भाषेत बोलून डोके शिणल्यावर. तेव्हा ती जे काही सांगते ते तक्रारीसारखेच ऐकू येते. बोलून झाले की तिचे मन मोकळे होते आणि ती आपल्या उद्योगाला लागते, इकडे आई मात्र ते शब्द उशाशी घेऊन रात्रभर जागी राहते. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. राग आहे तो तिची भीती वाढवणाऱ्यांचा.

म्हणून समूहात काही न लिहिता मी त्या आईला स्वतंत्रपणे कळवले आहे, की मुलीला एवढेच विचारा : तू भांडी लावतेस तेव्हा त्या घरातली मुले काय करत असतात? तीही आपापली कामे करत असतील तर निर्धास्त राहा. सगळे तिच्या एकटीच्याच माथी येत असेल, किंवा घरातल्या कोणाची तिला भीती वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. हा कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेच्या स्थानिक कोऑर्डिनेटरने दर महिन्याला मुलीशी आणि त्या कुटुंबाशी बोलणे बंधनकारक असते, गरज पडली तर घरही बदलून मिळते, आणि थेट अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे दाद मागण्याची सोयही आहे. फक्त पहिला फोन शक्यतो मुलीलाच करू द्या. संस्थेचे क्रमांक तिच्या ओळखपत्रावर असतात.