उलटे आटे

मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला आणि तोही चेनच्या बाजूचा. बहुधा त्याच बाजूचे तुटतात. गिअरच्या दातऱ्यांना जागा करून द्यायची म्हणून तिकडचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. घरात, ऑफिसात आणि चाकात, ताण एकाच बाजूला. तार दहा-वीस रुपयांची, पण ती हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, ओवायची तर दातऱ्यांचा अख्खा गठ्ठा आधी उतरवावा लागतो. म्हणून चाक काखेत मारून पेठेतल्या दुकानात गेलो.

या गठ्ठ्याच्या दोन जाती. एक फ्रीव्हील. ते सगळंच्या सगळं हबवर आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं आणि टिकटिक करणाऱ्या खिट्ट्या त्याच्याच पोटात असतात. दुसरी कॅसेट. हिच्या खिट्ट्या हबच्या अंगात, दातऱ्या नुसत्या खाचांवर सरकवलेल्या आणि वरून एक लॉकरिंग. शिमानोने हा प्रकार १९७८ च्या सुमारास आणला, पण आपल्याकडच्या सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर अजून फ्रीव्हीलच सापडतं. ओळखायला दातऱ्या उलट्या फिरवायच्या आणि मधल्या खाचांकडे बघायचं. खाचाही फिरल्या तर कॅसेट, जागच्या हलल्या नाहीत तर फ्रीव्हील. माझ्या हलल्या नाहीत. त्याला लागणारा बारा खाचांचा रिमूव्हर मी विकत घेऊन बरोबर नेला होता, कारण दुकानात तो नसणार याची खात्री होती. नव्हताच.

दुकानातला पोरगा हात पुढे करतोय तेवढ्यात एक काका मध्ये आले. त्यांच्याकडे सायकल नव्हती, हवा भरायची नव्हती, काही घ्यायचं नव्हतं. हातात दुधाच्या दोन पिशव्या.

"बघू," म्हणाले आणि रिमूव्हर घेतला. डोळ्याला लावून आरपार पाहिलं. "हे नळाचं आहे."

"नाही काका, फ्रीव्हीलचंच आहे."

"केवढ्याला?"

सांगितलं.

"फसवलं तुम्हाला."

ती वस्तू काही परत आली नाही. पुढचं सगळं प्रवचन ती हवेत नाचवत झालं.

"सायकलला उलटे आटे असतात. डावं पेडल कसं उघडतं?"

"उलटं. पण ते फक्त डाव्या पेडलचं."

"असतात ना उलटे?"

"पेडलला असतात, काका."

"मग झालं तर!"

मी समजावून सांगितलं. फ्रीव्हीलचे आटे सुलटे असतात. पेडल मारलं की ते हबवर आणखी आवळत जातं, चढावर तर फारच. म्हणून सोडवताना जोर लागतो.

काका पोराकडे वळले. "ऐकलंस? हेच आवळतात आणि मग आपल्याकडे आणतात."

आपल्याकडे! दुधाच्या पिशव्यांवर दुकानात भागीदारी.

"ते टोपण दिसतंय ना, दोन भोकांचं? त्यात पंच लाव आणि घड्याळाच्या दिशेने हाण." पोराने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि पांढऱ्या मिशीला मान देऊन हातोडा उचलला. "अरे, थांब!" म्हणेपर्यंत तीन घाव बसले होते.

आता खरी जळजळ सांगतो. त्या टोपणाचे आटे उलटेच असतात. फक्त ते फ्रीव्हील उतरवायचं टोपण नव्हे, त्याचं पोट उघडायचं. टोपण सुटलं, दातऱ्यांचा गठ्ठा पोराच्या हातात आला आणि तिळाएवढे छर्रे फरशीवरून पायरीवर, पायरीवरून गटाराच्या जाळीकडे धावले. हबवर उरलं नुसतं आतलं बूड.

"बघा!" काका म्हणाले. "उलटे आटे!"

पंधरा-वीस हजारांची सायकल विकताना गिअर किती, ब्रेक कसले, रंग कुठला, हे सगळं सांगतात. सुपारीएवढा एक रिमूव्हर मात्र दुकानात ठेवायचा नाही. का? गिऱ्हाईक मागत नाही म्हणून. आणि गिऱ्हाईक स्वतः घेऊन आला की ते नळाचं. पुणं सायकलींचं शहर होतं म्हणतात. असेल. सल्ले देणारे तेवढे शिल्लक राहिलेत. मालक आतून ओरडले, "सर, चाकच नवीन टाका ना!" एका तारेपायी!

शेवटी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात ते बूड आवळलं आणि चाक बसच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी धरून फिरवलं. घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सुलट्या आट्यांच्या हिशेबाने. कर्र् झालं आणि सुटलं.

"मी सैल करून ठेवलं होतं," काका म्हणाले.

स्पोक पडला, चाकाचा आउट निघाला, आट्यांना ग्रीस लावून नवं फ्रीव्हील चढलं. त्याचे पैसे अर्थात माझे. बिलात मजुरीसुद्धा होती, बहुतेक त्या तीन घावांची. रिमूव्हर काकांकडून मागून घ्यावा लागला, तोही त्यांनी नाखुशीनेच दिला. मग त्यांची नजर जुन्या दातऱ्यांवर गेली.

"हे टाकणारच असाल ना? आम्हाला द्या. गरम कढईखाली ठेवायला बरं."

मी दिलं नाही. माझ्या ते काही उपयोगाचं नाही, आमच्याकडे कढईखाली ठेवायला लाकडी चकती आहे. पण दिलं नाही.