वर्ल्ड कप ४८ टीम्सचा झाला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही

२०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा ड्रॉ, म्हणजे कुठली टीम कुठल्या ग्रुपमध्ये ते ठरवणारी सोडत, झाल्यापासून कोल्हापुरातल्या सगळ्या फुटबॉल ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मला तो पेठेतल्या ग्रुपवर आला, कामाच्या ग्रुपवर आला, मामेभावानं वेगळा पाठवला तो वेगळाच, वर "पटतंय का बघ" म्हणून. मेसेज लांबलचक आहे पण म्हणणं एवढंच, की २०२६ चा वर्ल्ड कप ४८ टीम्सचा करून फिफानं स्पर्धेची वाट लावली, इटलीला प्लेऑफला (उरलेल्या जागांसाठीच्या जादा मॅचेसना) ताटकळत ठेवलं आणि क्युरासाव, केप व्हर्डे, जॉर्डन असल्या टीम्स थेट आत घेतल्या, आता ग्रुपमध्ये नुसत्या ८-०, ९-० च्या मॅचेस बघायच्या, तिसरा नंबर काढून पण पुढं जाता येणार म्हणजे थरार संपला, सगळं पैशासाठी, आणि खरा फुटबॉल आता फक्त युरोपातल्या क्लबात उरलाय. शेवटी "असंच चाललं तर उद्या भारत पण वर्ल्ड कपला दिसेल" हे पण टाकलंय.

ज्या गावात वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात तिथं हा मेसेज एवढ्या जणांनी पुढं ढकलावा याचं मला वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी इटलीचं. कॅरिबियनमधल्या क्युरासावनं इटलीची जागा खाल्ली हे मुळातच चूक आहे, कारण दोघं वेगवेगळ्या खंडांच्या कोट्यातून येतात. उलट युरोपच्या जागा १३ वरून १६ झाल्यात. इटली प्लेऑफला गेली ती नॉर्वेमुळं, ऑस्लोत ३-० नं हरली आणि नोव्हेंबरमध्ये घरात, मिलानमध्ये ४-१ नं. नॉर्वेनं आठच्या आठ मॅचेस जिंकल्या, त्यात त्यांच्या एकट्या स्ट्रायकर हालांडचे १६ गोल, आणि १९९८ नंतर पहिल्यांदा ते वर्ल्ड कपला निघालेत. बरं, २०१८ आणि २०२२ ला ३२ च टीम्स होत्या ना? तेव्हा पण इटली नव्हतीच, एकदा स्वीडननं अडवलं आणि एकदा नॉर्थ मॅसेडोनियानं पालेर्मोत येऊन १-० नं घालवलं. इटलीचं दुखणं इटलीतच आहे.

आता ते ८-०, ९-० चं. १९५४ ला १६ टीम्स होत्या तेव्हा हंगेरीनं दक्षिण कोरियाला ९-० मारलं, १९७४ ला पण १६ च होत्या, युगोस्लाव्हियानं झाईरला ९-० मारलं. १९८२ ला २४ टीम्स, हंगेरी १०, एल साल्वाडोर १. २००२ ला ३२ टीम्स, जर्मनीनं सौदीला ८-० केलं, आणि त्याच सौदीनं २०२२ ला मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ हरवलं, त्या दिवशी अर्जेंटिनावाल्या पेठांत काय शांतता होती ते सगळ्यांना आठवत असेल. मोठा स्कोअर म्हणजे टीम लायक नाही हा नियम लावायचा असेल तर २०१४ ची सेमीफायनल आठवा, जर्मनी ७ ब्राझील १, म्हणून काय ब्राझीलला पुढच्या वेळी घ्यायचं नाही काय? २०२२ ला स्पेननं कोस्टा रिकाला ७-० धुतलं, पुढच्या मॅचला त्याच कोस्टा रिकानं जपानला १-० हरवलं आणि त्यानंतर जपाननं स्पेनला २-१ हरवलं. एका स्कोअरवरून टीमची लायकी ठरवायला गेलं की असा घोळ होतो.

आणि केप व्हर्डेचं नाव "असल्या टीम्स" मध्ये घातलंय ते तर मला अजिबात सहन झालं नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या ह्या बेटांवर सगळे मिळून सव्वापाच लाखाच्या आसपास लोक राहतात, म्हणजे २०११ च्या जनगणनेत आपलं कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं होतं, त्याच्यापेक्षाही कमी, अख्खा देश. त्यांना कुणी जागा दान दिलेली नाही, आफ्रिकेच्या ग्रुपमध्ये कॅमेरूनला मागं टाकून, पहिला नंबर काढून ते आलेत, १३ ऑक्टोबर २०२५ ला इस्वातिनीला ३-० हरवून. त्यांचा डिफेंडर रॉबर्टो लोपेस डब्लिनला जन्मला, आयर्लंडच्या शॅमरॉक रोव्हर्सकडून खेळतो, वडील केप व्हर्डेचे. त्याला देशाच्या तेव्हाच्या कोचनं लिंक्डइनवर मेसेज केला होता, पोर्तुगीजमध्ये असल्यामुळं त्याला वाटलं कायतरी फालतू मेसेज आहे म्हणून त्यानं सोडून दिला, मग काही महिन्यांनी इंग्लिशमध्ये पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की देशाकडून खेळायला बोलावतायत. जगभर पांगलेली आपली पोरं अशी शोधून शोधून त्यांनी टीम बांधली. आता ग्रुपमध्ये स्पेन, उरुग्वे आणि सौदी आहेत. हरतील, जिंकतील, पण ह्या टीमला फुकट आली म्हणायचं नाही.

क्युरासाव तर त्याहून लहान, दीड लाखाच्या आसपास वस्ती, वर्ल्ड कपला पोचलेला आजवरचा सगळ्यात लहान देश. शेवटच्या मॅचला किंग्स्टनमध्ये जमैकाला त्यांच्या घरात ०-० रोखून आले. हैतीला तर देशातल्या परिस्थितीमुळं स्वतःच्या मैदानावर खेळताच आलं नाही, घरच्या मॅचेस क्युरासावला जाऊन खेळले, तरी १९७४ नंतर पहिल्यांदा पात्र ठरले. ब्राझीलवाल्यांनो, तुमच्या ग्रुपमध्ये आहे हैती, मोरोक्को आणि स्कॉटलंडबरोबर. मोरोक्को म्हणजे २०२२ ला स्पेन आणि पोर्तुगाल दोघांना घरी पाठवून सेमीफायनलला गेलेली टीम. आणि अर्जेंटिनाच्या ग्रुपमधलं जॉर्डन २०२४ ला एशियन कपच्या सेमीफायनलमध्ये स्टार खेळाडू सॉनच्या दक्षिण कोरियाला २-० हरवून फायनलला गेलं होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं ह्यातलं काय बघितलंय असं वाटत नाही.

दार लहान ठेवलं की दर्जा राहतो म्हणणाऱ्यांनी १९६६ बघावं. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया तिघांत मिळून एक जागा होती. आफ्रिकेच्या देशांनी बहिष्कार टाकला, उत्तर कोरिया गेली आणि तिनं इटलीला १-० हरवून घरी पाठवलं. १९८२ ला २४ टीम्स केल्या तर अल्जेरियानं पश्चिम जर्मनीला हरवलं, कॅमेरून एकही मॅच न हरता परत गेलं. १९९८ ला ३२ केल्या तर पहिल्यांदाच आलेली क्रोएशिया तिसरी आली. प्रत्येक वेळी दार उघडलं तसं आतून कोणतरी नवीन उभं राहिलं.

तिसऱ्या नंबरचा मुद्दा थोडा खरा आहे. १२ ग्रुप, त्यातले पहिले दोन आणि तिसऱ्यांपैकी चांगले ८ पुढं, म्हणजे ४८ मधल्या ३२ टीम्स राहतात, ग्रुपमधल्या काही शेवटच्या मॅचेस बेचव होतील हे मला मान्य आहे. फिफाचा पहिला बेत तर तीन-तीन टीम्सच्या १६ ग्रुपचा होता, तो घातकच होता, शेवटच्या मॅचला दोघांनी ठरवून तिसऱ्याला बाहेर काढायची सोय झाली असती, २०२३ ला तो बदलला ते फार बरं झालं. पण तिसरा नंबर म्हणजे थरार संपला? १९९० ला अर्जेंटिना कॅमेरूनकडून हरून ग्रुपमध्ये तिसरी आली, पुढच्या फेरीत ब्राझीलला १-० नं काढलं आणि फायनल खेळली. १९९४ ला इटली तिसऱ्या नंबरवरून फायनलला गेली. २०१६ च्या युरोत पोर्तुगालनं ग्रुपच्या तिन्ही मॅचेस ड्रॉ केल्या आणि कप उचलला.

आणि ज्या क्लब फुटबॉलचं कौतुक करून हे सगळं लिहिलंय तिथं काय झालंय? युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग ३२ वरून ३६ टीम्सची झाली, मॅचेस १२५ वरून १८९ झाल्या, ३६ मधल्या २४ टीम्स पुढं जातात. तेव्हा कुणी म्हणालं नाही दर्जा घसरला. पॅरिसचा क्लब पीएसजी त्या पहिल्याच सीझनला लीग फेजमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, १५ वी आली, जानेवारीत तर बाहेर जायची वेळ आली होती, मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-२ वरून ४-२ केलं तेव्हा वाचली, आणि मे महिन्यात फायनलला इटलीच्या इंटर मिलानला ५-० मारून चॅम्पियन झाली. दुसरी संधी पीएसजीला चालते आणि जॉर्डनला चालत नाही, असं कसं?

२०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीला जर्मनीच्या बायर्न म्युनिकनं १०-० मारलं, तेव्हा पण हेच मेसेज फिरले होते. नोकरी करून खेळणारी पोरं ती. शेवटच्या मॅचला त्यांनी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ नं रोखलं, गोल कुणी केला तर शिक्षकी पेशाचं शिक्षण घेणाऱ्या ख्रिश्चन ग्रेनं. सौदीच्या अल हिलालनं मँचेस्टर सिटीला ४-३ नं हरवलं. क्लब मोठा आणि देश छोटा अशी भांडणं लावण्यात अर्थ नाही, उझबेकिस्तानचा खुसानोव्ह सिटीकडून खेळतो आणि आता देशाला पहिल्या वर्ल्ड कपला घेऊन चाललाय, हे दोन्ही एकाच पोराचं काम आहे.

पैशाचं म्हणाल तर तिथं मी मेसेजबरोबर आहे. १०४ मॅचेस, तिकिटांचे दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे, खेळाडूंना विश्रांती नाही. सिटीच्या रॉड्रीनं २०२४ ला सांगितलं होतं की खेळाडू संपाच्या जवळ आलेत, आणि काही दिवसांतच त्याचा गुडघा गेला. पण हा राग फिफावर आणि क्लबच्या भरगच्च कॅलेंडरवर काढा, केप व्हर्डेवर कशाला काढताय?

राहिला भारत. आशियाच्या थेट जागा ८ झाल्या तरी आपण आशियातल्या शेवटच्या १८ मध्ये पण पोचलो नाही, त्यामुळं दार एवढं सताड उघडलंय की कोण पण आत येईल हे आपल्याच उदाहरणावरून खोटं ठरतं. २०२७ च्या एशियन कपला सुद्धा आपण नाही, हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश तिघांकडून हरलो. त्याच काळात उझबेकिस्ताननं २०२३ ला अंडर-२० आणि २०२५ ला अंडर-१७ चा एशियन कप जिंकला, २०२४ ला ऑलिंपिकला टीम नेली, आणि मग सीनियर टीम इराणच्या मागोमाग दुसरी येऊन वर्ल्ड कपला गेली. आपल्याकडं २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला तेव्हा वाटलं होतं आता रांग लागेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार ह्या इथल्या दोन तालमींच्या मॅचला आजही उभं राहायला जागा नसते, खेळणाऱ्या पोरांची कमी नाही, पण त्यांच्यासाठी वर जायला वर्षभर चालणारी लीग पाहिजे आणि २०२५-२६ च्या सीझनला देशाची सगळ्यात वरची लीग, आयएसएल सुद्धा वेळेवर सुरू झाली नाही. मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर त्याबद्दल लिहून पाठवा.