सोलर स्वस्त झालंय, पण कुणाच्या गच्चीवर?

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरावर सोलर बसल्यापासून पाहुणेरावळे, ऑफिसातले, टपरीवरचे, जो भेटेल तो विचारतो, "परवडतं का हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी लाईट बिल दाखवा.

कारण सगळी गोम बिलातच आहे. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटला एक, आणि १०१ ते ३०० युनिटला त्याच्या दुपटीहून जास्त. वर वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे युनिटमागे पैसे), स्थिर आकार (वीज वापरा न वापरा, दरमहा भरायची रक्कम) आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराचं बिल अडीच-पावणेतीन हजाराच्या घरात जातं. तुमची शंभरी किती ओलांडली जाते, त्यावर सोलर किती लवकर फिटणार ते ठरतं. एसी, फ्रिज, बोअरची मोटर आणि दोन कुलर असलेल्या घराला तर डोळे झाकून सांगावं, बसवा.

हिशेब सरळ आहे. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चारएक युनिट, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे. अडीचशे युनिटवाल्याला दोन किलोवॉट पुरतं. केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पुढे कितीही किलोवॉट लावा, आकडा तिथेच थांबतो. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आजच्या भावात दोन किलोवॉट अनुदान वजा जाता साठ ते ऐंशी हजारांत पडतं. अशा घराचे पैसे तीन वर्षांच्या आसपास वसूल होतात आणि पॅनलच्या उत्पादनक्षमतेची हमी २५ वर्षांची असते. मधे कधीतरी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, बदलावा लागेल, तो खर्च धरून ठेवायचा. बँका तारण न घेता सहा-सात टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात. कर्ज लाखभराचं असलं तरी दहा वर्षांचा हप्ता बाराशेच्या आत बसतो. आहे त्या बिलातच हप्ता निघतो आणि वर पैसे उरतात.

एवढं वाचून फोन उचलणार असाल तर जरा थांबा. एजंट लोक जे सांगत नाहीत ते ऐका.

पहिलं, लाईट गेली की सोलरही बंद. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. साधी सिस्टिम ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेली असते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. आमच्या शेजाऱ्यांनी 'लोडशेडिंगची कटकट मिटली' म्हणून सोलर घेतलं आणि पहिल्याच वळवाच्या पावसात लाईट गेल्यावर सोलरवाल्याला फोनवर जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बॅटरी आणि तिच्यावर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर पाहिजे असेल तर खर्चाचा हिशेबच वेगळा होतो.

दुसरं, 'बिल शून्य' ही जाहिरात. स्थिर आकार कुठे जात नाही, महिन्याला सव्वाशेच्या आसपास भरावाच लागतो. आणि वापरून उरलेली वीज महावितरणकडे जाऊन बिलातून वजा होते खरी, पण वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटचा दर इतका कमी मिळतो, की विकायला म्हणून जास्तीचे पॅनल लावणं म्हणजे खुळेपणा. वापराएवढंच लावा.

तिसरं आपल्या सोलापूरचं. लोकांना वाटतं, एवढं ऊन, म्हणजे मे महिन्यात मीटर नुसतं पळत असेल. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि हवा ४३-४४ वर असते तेव्हा पॅनलचा पत्रा पासष्टच्या पुढे तापलेला असतो. त्यात आपली धूळ. पंधरा दिवस हात लावला नाही तर काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. धुवायचं ते पहाटे, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडकायची भीती. आणि पाणी? नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते सोलापूरकराला सांगायला नको. मी हौद भरायच्या दिवशीच पॅनल पुसून घेतो, ओल्या फडक्याने आणि वायपरने. दोन बादल्यांत भागतं.

गच्चीचंही नीट बघून घ्या. एका किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते, आणि आपल्याकडे गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या, वाळवणं, शेंगा आणि उन्हाळ्यात अंथरुणं. टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन पडू शकतं. आईने सोलरवाल्याला एकच अट घातली होती, "माझ्या कुरडयांना जागा राहिली पाहिजे." म्हणून सांगाडा उंच करून घेतला. लोखंडाचे जास्तीचे पैसे गेले, पण खाली सावली झाली. आता दुपारी आई तिथेच बसते.

हे झालं आमच्यासारख्यांचं. घर स्वतःचं, मीटर स्वतःच्या नावावर, बँकेत पत असलेल्यांचं. आपल्या गावात असे किती?

बुधवार पेठेत, साखर पेठेत बघा. घर आजोबांच्या नावावर, मीटरही आजोबांच्याच नावावर, वर चार भावांच्या वाटण्या. अनुदानाला मीटर, अर्ज आणि बँक खातं एकाच नावावर लागतं. तिथे सोलरच्या आधी वारसनोंदीची फाईल हलवावी लागते, आणि ती हलेपर्यंत एखादी योजना संपून दुसरी येते. भाडेकरूचं तर विचारूच नका. बिल तो भरणार, गच्ची मालकाची. मालकाने खर्च का करावा?

आता कुंभारीकडे चला. विडी घरकुलातली एक अक्का माझ्या बायकोच्या ओळखीची. विड्या वळते, घरात दोन पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज. बिल महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटचं, सात-आठशे रुपये. तिला एक किलोवॉट पुष्कळ झालं. पण लहान सिस्टिम किलोवॉटमागे महागच पडते, कारण मीटर, अर्थिंग, वायरिंग, मजुरी सगळ्यांना सारखीच. केंद्राचे ३०,००० वजा केले तरी पस्तीस-चाळीस हजार उरतात आणि वाचणार महिन्याला पाच-सहाशे. शिवाय अनुदान बसवल्यानंतर खात्यात येतं, तोपर्यंतची सोय आपली आपण करायची. ती म्हणाली, "तेवढे पैसे असते तर आधी पोरीची फी भरली असती की." यावर काय बोलणार?

या लोकांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालचे आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेले ग्राहक यांना एक किलोवॉटसाठी केंद्राच्या पैशांवर राज्याचं अनुदान. मला हे पाऊल ७८,०००च्या अनुदानापेक्षा मोलाचं वाटतं. तीन किलोवॉट लावणारा माणूस थोड्या अनुदानातही लावेल, दर त्याला लावायलाच भाग पाडतो. विडीवालीला तसं कुणी भाग पाडत नाही, तिला हात द्यावा लागतो. तिची फाईल कोण भरून देणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

आणि कामगारांची वसाहत, रे नगर? १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान सोलापुरात आले आणि ३० हजार घरांच्या त्या वसाहतीतल्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. २२ तारखेला दिल्लीत एक कोटी घरांवर सोलर बसवायची घोषणा झाली, जी पुढे सूर्यघर झाली. मधे अवघे तीन दिवस. पण रे नगरात फ्लॅट आहेत, गच्ची सगळ्यांची मिळून एक. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० अनुदान आहे, त्यातून जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर चालेल. घरातला पंखा चालणार नाही. सामाईक गच्चीवर पॅनल आणि तयार झालेले युनिट प्रत्येकाच्या मीटरला वाटून, अशी पद्धत दिल्ली राज्याच्या वीज नियमांत २०१९ पासून आहे. यंत्रमाग आणि विड्यांवर जगणाऱ्या आपल्या शहरात ती चाळीचाळीत, वसाहतीवसाहतीत पोचली पाहिजे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना गटारीइतकंच हेही विचारा.

तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीने सामाईक मीटरला सोलर लावलं असेल तर आधीचं आणि नंतरचं बिल कमेंटमध्ये टाका. आणि ज्यांना घरी बसवायचंय त्यांनी मागच्या बारा महिन्यांचे युनिट कागदावर लिहून काढा, नुसता मे महिना धरू नका. त्या आकड्यावरून किती किलोवॉट लागेल ते मी सांगतो, सोलरवाल्याला नंतर बोलवा.